नेली मेल्बाच्या जुन्या ध्वनिमुद्रिका कशा ऐकाव्यात : शेवटाकडून सुरुवातीकडे

नेली मेल्बा ही एके काळी जगातील सर्वांत विख्यात ऑपेरा-गायिकांपैकी एक होती. तिचे गाणे आज कोणालाही भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते, आणि पहिल्यांदा ऐकणारा बहुतेक माणूस अर्ध्या मिनिटात ते बंद करतो. जळगावात आमच्या घरी दर हिवाळ्यात चार-सहा स्नेही जुन्या तबकड्या ऐकायला जमतात. नाट्यसंगीतावर कान तयार झालेल्या या मंडळींनाही मेल्बाचे 1904 चे गाणे प्रथम बासरीसारखे पोकळ आणि दूरचे वाटले होते. दोष गायिकेचा नव्हता आणि ऐकणाऱ्यांचाही नव्हता. मी त्यांना चुकीच्या टोकाकडून ऐकवले होते. तेव्हापासून मी उलटा क्रम धरतो. आधी 1926 चे निरोपाचे गाणे, मग 1907, मग 1904 आणि अगदी शेवटी 1901 चे मेणाचे सिलिंडर. हा क्रम का आणि कसा पाळावा, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

ऐकण्यापूर्वी तिच्या आयुष्यातील मोजक्या तारखा कागदावर उतरवून समोर ठेवाव्यात, कारण कोणते गाणे कोणत्या वयातील आहे हे माहीत नसेल तर ध्वनिमुद्रिका आपल्याला फसवते. तिचे मूळ नाव हेलन पोर्टर मिचेल. जन्म 19 मे 1861 रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या रिचमंड भागात झाला. वडील डेव्हिड मिचेल हे स्कॉटलंडहून आलेले बांधकाम कंत्राटदार होते. 1882 मध्ये चार्ल्स आर्मस्ट्राँगशी लग्न, पुढच्या वर्षी मुलाचा जन्म, मग नवऱ्याचे घर सोडून मेलबर्नला परत आणि पिएत्रो चेक्की यांच्याकडे गाण्याची तालीम, असा तिचा सुरुवातीचा प्रवास आहे. 1886 मध्ये ती युरोपला गेली आणि पॅरिसमध्ये मातिल्द मार्केसी या नामवंत शिक्षिकेकडे शिकली. मेलबर्न या गावाच्या नावावरून तिने ‘मेल्बा’ हे रंगभूमीवरचे नाव घेतले. 13 ऑक्टोबर 1887 रोजी ब्रुसेल्सच्या ला मॉने नाट्यगृहात वर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरातील जिल्दाच्या भूमिकेत ती प्रथम उभी राहिली, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. 24 मे 1888 रोजी ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहात ‘लुचिया’ या ऑपेरात गायली, आणि त्यानंतर जेमतेम महिनाभराने, 26 जूनला, नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांचा जन्म झाला. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही बालगंधर्वांनी लहानपणी ज्या जळगावात मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले, त्या गावात बसून मेल्बा ऐकणाऱ्याला काळाची ही सांगड उपयोगी पडते.

पुढे 1893 मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन नाट्यगृह, आणि त्याच रंगमंचावर 1896 च्या डिसेंबरात वाग्नरच्या ‘सीगफ्रीड’मधील ब्रुनहिल्डची भूमिका. ही भूमिका तिच्या गळ्याला मानवणारी नव्हती. त्या एका प्रयोगानंतर तिला काही काळ गाणे थांबवावे लागले. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला ऐकायला मिळणारा मेल्बाचा सगळा आवाज या इजेनंतरचा आहे. तिने तबकडीसाठी प्रथम गायले ते मार्च 1904 मध्ये, म्हणजे पदार्पणानंतर साडेसोळा वर्षांनी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. ज्या काळाने तिला कीर्ती दिली, त्या काळाचा एकही स्वर व्यावसायिक तबकडीवर नाही. म्हणून कोणतीही मुद्रिका ऐकताना ती उरलेल्या पुराव्याचा एक तुकडा म्हणून ऐकावी. पूर्ण चित्र तिच्याकडून मागू नये.

आता यंत्राविषयी. 1925 पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायिका एका धातूच्या कर्ण्यासमोर उभी राहून गात असे, तिच्या आवाजाच्या जोरावर कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरत असे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर खाच कोरत असे. या रीतीने साधारण 200 ते 2,000–2,500 हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) एवढ्याच पट्ट्यातला आवाज पकडला जाई. पुरुष गायकाला तेवढ्याने बऱ्यापैकी न्याय मिळे, कारण त्याचा मूळ स्वर खालचा असल्यामुळे त्याचे कितीतरी उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर निघणारे वरचे सूक्ष्म स्वर, याच पट्ट्यात बसत. एन्रिको कारुसो या टेनरच्या, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाच्या, तबकड्या इतक्या भरदार लागतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. सोप्रानोचे, म्हणजे मेल्बासारख्या सर्वांत उंच स्त्री-आवाजाचे, तसे नाही. तिच्या तारसप्तकातील उंच ‘सी’ हा मूळ स्वरच सुमारे 1,046 हर्ट्झचा असतो. त्याचा पहिला उपस्वर 2,093 वर जातो आणि त्यापुढचे सगळे कर्ण्याच्या बाहेर राहतात. आवाजाची झळाळी, धार आणि ज्याला आपण ‘चमक’ म्हणतो ती याच वरच्या उपस्वरांत असते. ती गळून पडली की उरतो तो शुद्ध, गोल, बासरीसारखा स्वर. मंडळींना पहिल्या दिवशी जे पोकळ वाटले, ते हेच होते. शिवाय उंच आणि जोराचा स्वर आला की सुई उसळून खाच बिघडू नये म्हणून गाणाऱ्याला कर्ण्यापासून मागे सरकावे लागे. त्यामुळे कळसाच्या जागीच आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. व्हिक्टर या अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपनीने 1910 मध्ये मेल्बाला कर्ण्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर उभे करून गायला लावले. ती चाचणीची मुद्रिका आज उपलब्ध आहे. ती एकदा ऐकली की प्रत्येक तबकडीत गायिका किती पुढे-मागे झाली आहे हे कान आपोआप ताडू लागतो.

ऐकण्याची वेळ आणि जागा ही आपल्या खानदेशात दुय्यम गोष्ट नाही. मार्च ते जून या काळात दुपारी कूलर लावल्याशिवाय घरात बसवत नाही, आणि कूलरच्या पंख्याची व पाण्याची एकसारखी सरसर तबकडीच्या खरखरीत अशी मिसळते की दोन्हींच्या खालून आवाज वेगळा काढणे अशक्य होते. मी स्वतः पहिले दोन उन्हाळे या चुकीत घालवले. थंडीतली पहाट किंवा जेवणानंतरची रात्र निवडावी, पंखे बंद ठेवावेत आणि भ्रमणध्वनीच्या बारीक स्पीकरऐवजी साधा का होईना, पण दोन स्पीकरांचा संच वापरावा. आवाज फार मोठा करू नये. खरखर वाढते आणि गाणे मागे पडते. एकाच कर्ण्याने पकडलेला आवाज हेडफोनमध्ये डोक्याच्या मधोमध अडकल्यासारखा लागतो. खोलीच्या हवेत तो सुटला, तर थोडाफार श्वास घेतो.

पहिल्या दिवशी फक्त 1926 ऐकावे. 8 जून 1926 रोजी मेल्बाने कॉव्हेंट गार्डनचा निरोप घेतला. ती तेव्हा पासष्ट वर्षांची होती, पंचम जॉर्ज आणि राणी मेरी उपस्थित होते, आणि एव्हाना मायक्रोफोन आलेला असल्यामुळे त्या रात्रीचे काही भाग ग्रामोफोन कंपनीने नाट्यगृहातूनच विद्युत पद्धतीने मुद्रित केले. त्यांतील पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधील ‘दोन्दे लिएता’ हे गाणे घ्यावे. प्रसंग आधी मंडळींना मराठीत सांगून टाकावा. क्षयाने खंगलेली मिमी आपल्या प्रियकराचा निरोप घेते आहे. आपल्या चार वस्तू गोळा करून ठेव असे ती सांगते, आणि मग आठवण करून देते की उशीखाली गुलाबी टोपी राहिली आहे, प्रेमाची आठवण म्हणून ती तुला हवी तर ठेव. शेवटी ती म्हणते, मनात राग न ठेवता निरोप. एवढे कळले की इटालियन शब्द कळण्याची गरज उरत नाही. हे गाणे तीनदा लावावे. पहिल्यांदा केवळ ऐकावे. दुसऱ्यांदा फक्त प्रत्येक वाक्याच्या पहिल्या स्वराकडे लक्ष द्यावे : मेल्बा खालून घसरत स्वराला लागत नाही, ती थेट स्वराच्या मध्यावर येते, ज्याला आपल्याकडे ‘स्वर नेमका लागला’ असे म्हणतात. तिसऱ्यांदा नाट्यगृह ऐकावे, म्हणजे स्वर संपल्यावर त्याच्या मागे उरणारी हवा. वय आवाजात दिसतेच. खालच्या स्वरांत तो पातळ झाला आहे, दमही लांब पुरत नाही. तरी स्वराची मध्यरेषा हललेली नाही. त्याच रात्री तिने केलेले निरोपाचे भाषणही मुद्रित आहे. ते जरूर ऐकावे, कारण बोलताना तिचा गळा दाटून येतो आणि एका माणसाचा बोलण्याचा आवाज आपल्या ओळखीचा होतो. एकदा तो ओळखीचा झाला की 1904 च्या कर्ण्यातूनही आपण त्याच माणसाला शोधू लागतो. उलटा क्रम धरण्याचे खरे कारण हेच आहे.

दुसरी बैठक वेगासाठी राखून ठेवावी. कंटाळवाणे वाटले तरी हे काम टाळू नये. आपण सर्रास ‘अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या’ म्हणतो, पण विसाव्या शतकाच्या आरंभी मिनिटाला 78 फेऱ्या हा नियम पक्का झालेला नव्हता. मुद्रण कधी सत्तरच्या आसपास, तर कधी ऐंशीच्या पुढे होत असे. 73 ते 74 फेऱ्यांवर कोरलेली तबकडी 78 वर वाजवली, तर गाणे सुमारे अर्ध्या स्वराने चढते, लयही तितकीच वाढते, आणि गायिकेच्या आवाजातील स्वाभाविक कंप शेळीच्या आवाजासारखा थरथरू लागतो. इंटरनेटवर कोणीतरी घाईने चढवलेल्या कितीतरी प्रतींत ही चूक तशीच राहिलेली असते, आणि ऐकणारा समजतो की मेल्बाचा आवाजच असा होता.

हे तपासण्यासाठी पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण लागत नाही. घरातली किंवा गावच्या भजनी मंडळाची पेटी पुरते, फक्त ती नीट जुळलेली असावी. ‘रिगोलेत्तो’मधील ‘कारो नोमे’ हे गाणे वर्दीने ‘ई’ या पट्टीत बांधले आहे. आपल्या पेटीवर ती पांढरी तीन होते. गाण्याची मुख्य चाल म्हणजे तार षड्जापासून शुद्ध स्वरांनी थांबत-थांबत उतरणारा अवरोह आहे, त्यामुळे बिलावलाचे स्वर ओळखणाऱ्या कोणालाही षड्ज सहज सापडतो. पेटीवर पांढरी तीन दाबून धरावी आणि तबकडी लावावी. गाणे पांढरी चारवर जुळत असेल तर प्रत सुमारे सहा टक्क्यांनी जलद आहे, आणि काळी दोनवर जुळत असेल तर तेवढीच मंद. ऑडॅसिटी या विनामूल्य संगणक-प्रणालीत वेग बदलण्याची सोय आहे. पांढरी चारवरून पांढरी तीनवर यायचे असेल तर वेग सुमारे 5.6 टक्क्यांनी कमी करावा. येथे एक काळजी घ्यावी. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारी सोय निवडावी. केवळ पट्टी उतरवणारी सोय वापरली तर लय चुकीचीच राहते आणि आवाजाचा पोतही बिघडतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी गाणे लटकलेले आढळले, तर दोन्ही बाजूंना सरकवून ऐकावे आणि ज्या जागी आवाजाचा कंप माणसासारखा व श्वास सहज वाटेल ती जागा धरावी. गायक कधी कधी पट्टी मुद्दाम उतरवून गात असत, म्हणून अंतिम निर्णय कानाचाच असतो.

‘दोन्दे लिएता’ची पट्टी काळी एक आहे. मेल्बाने हे गाणे 1907 मध्ये व्हिक्टर कंपनीसाठीही गायले. 1926 ची प्रत आणि ही 1907 ची प्रत एकाच पट्टीवर आणून लागोपाठ लावावी. एकोणीस वर्षांचे अंतर एकाच गाण्यात समोर येते. 1907 मध्ये आवाज भरलेला आणि वाक्ये लांब आहेत, पण मागची हवा नाही, कारण कर्णा खोली पकडत नाही. 1926 मध्ये हवा आहे आणि आवाज झिजला आहे. दोन्ही मनात एकत्र ठेवले की खरी मेल्बा त्यांच्या मध्ये कुठेतरी उभी राहते. ‘ला बोएम’मधलेच, 1907 चे कारुसोबरोबरचे ‘ओ सोआवे फान्चुल्ला’ हे युगुलगीत याच बैठकीत ऐकावे. कर्णा टेनरला किती देतो आणि सोप्रानोला किती कमी देतो, हे एका तबकडीत कळते. या गाण्याच्या शेवटी मिमीने घ्यायचा उंच ‘सी’ मेल्बाच्या गळ्यातून कसा निघाला आणि कॉव्हेंट गार्डनच्या प्रेक्षागृहात कसा तरंगत गेला, याची आठवण मेरी गार्डन या तिच्या समकालीन गायिकेने पुढे आत्मचरित्रात लिहिली आहे. तबकडीवर तो तरंगणारा स्वर पूर्ण मिळत नाही, पण त्याची वाट पाहायला आपण शिकलेलो असतो.

तिसऱ्या बैठकीत 1904 घ्यावे. मेल्बा गायला ग्रामोफोन कंपनीच्या खोलीत गेली नाही. लंडनच्या ग्रेट कंबरलँड प्लेसमधील तिच्या घरी यंत्रसामग्री आणून मुद्रण झाले, आणि साथीला व मार्गदर्शनाला लँडन रोनाल्ड होते. या तबकड्यांना खास फिकट जांभळ्या रंगाची चिठ्ठी लावण्यात आली आणि किंमत एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग, ठेवण्यात आली. त्या कंपनीचाच मुद्रक फ्रेड गाइसबर्ग दीड वर्षापूर्वी, 1902 मध्ये, कलकत्त्याला येऊन गौहरजानचे गाणे मुद्रित करून गेला होता, ज्याच्या शेवटी ती ‘माय नेम इज गौहरजान’ असे म्हणते. जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात मुद्रिका ओळखता यावी म्हणून ही घोषणा असे. आपल्याकडच्या जुन्या तबकड्या आणि मेल्बाच्या तबकड्या एकाच घराण्याच्या आहेत. तीन-चार मिनिटांत बसवण्यासाठी पद आखडते घ्यावे लागणे, पुनरावृत्ती गाळावी लागणे, शेवट उरकावा लागणे हे सगळे बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून आपल्याला परिचित आहे. तीच सवलत मेल्बाला द्यावी. ‘कारो नोमे’ आणि लुचियाच्या वेडाचा प्रवेश ही दोन गाणी येथे मुख्य धरावीत. त्यांतील ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांमधली झपाट्याची आंदोलने, बारकाईने ऐकावीत. दोन्ही स्वर वेगळे आणि सुरेल राहतात, एकात एक मिसळत नाहीत. वरच्या उपस्वरांची चोरी झाली तरी ही अचूकता कर्ण्याला चोरता आली नाही, आणि माझ्या मते मेल्बाचे मोठेपण आज सर्वांत विश्वासाने याच ठिकाणी मोजता येते. भावनेचा उमाळा शोधणाऱ्याची मात्र येथे निराशा होईल. तिच्या समकालीनांपैकीही काहींना ती थंड वाटत असे.

या मुद्रिका वॉर्ड मार्स्टन यांनी स्वच्छ करून नॅक्सॉस कंपनीच्या चार भागांत काढल्या आहेत, आणि वेगाची शिस्त त्यांत पाळलेली आहे. नवशिक्याने तेथूनच सुरुवात करावी. अमेरिकेतील तबकड्या तेथील काँग्रेस ग्रंथालयाच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’वर विनामूल्य ऐकता येतात.

क्वचित कोणाला मूळ तबकडीच सापडते. तशी मिळाली तर ती लगेच वाजवू नये. सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूला कोरलेल्या असतात, म्हणून मागची बाजू कोरी दिसली तर ती सदोष समजू नये. मधल्या चिठ्ठीजवळ कोरलेला क्रमांक आधी लिहून घ्यावा, कारण एकच गाणे अनेकदा मुद्रित झालेले असते आणि कोणती आवृत्ती हाती आहे हे त्यावरूनच ठरते. तबकडी लाखेची असल्यामुळे स्पिरिटने कधीही पुसू नये. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मऊ ब्रशने धूळ काढावी, फार तर पाण्यात किंचित सौम्य साबण घालून चिठ्ठी न भिजवता पुसावी आणि लगेच कोरडी करावी. एलपीची सुई या रुंद खाचेच्या तळाशी घासते. अठ्ठ्याहत्तरसाठी वेगळी, सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई मिळते, तीच लावावी. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवायचेच असेल तर प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई घ्यावी. दुर्मिळ तबकडी मात्र त्याच्यावर ठेवूच नये.

आणि ती ठेवावी कुठे? आमच्या जुन्या घरात नाट्यपदांच्या वीसेक तबकड्या पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर आडव्या रचून ठेवल्या होत्या. एका मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि त्यांतील बहुतेक पापडासारख्या वळल्या. त्या परत सरळ झाल्या नाहीत. खानदेशच्या उन्हाळ्यात लाख मऊ पडते, हे ध्यानात धरून तबकड्या तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, कागदी पाकिटात आणि उभ्या ठेवाव्यात.

शेवटची बैठक 1901 ची. मेट्रोपॉलिटनचा ग्रंथपाल लायोनेल मेपलसन याने एडिसनच्या फोनोग्राफवर, प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना, मेणाच्या सिलिंडरांवर दोन-दोन मिनिटांचे तुकडे पकडून ठेवले होते. त्यांत मायरबेअर या संगीतकाराच्या ‘ले युगनो’ या ऑपेरातील मेल्बाचा तुकडा आहे. नव्या माणसाला येथे पहिल्यांदा फक्त पाऊस ऐकू येतो. घाई करू नये. आवाज मध्यम ठेवून तोच तुकडा पाच-सात वेळा लावावा, प्रत्येक वेळी खरखरीकडे दुर्लक्ष करून केवळ स्त्रीचा स्वर कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो एवढेच पाहावे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वाद्यवृंद वेगळा निघतो, त्यानंतर तिच्या तानांची वळणे. येथे तिच्यासमोर कर्णा नाही, मागे सरकणे नाही, वेळेचे बंधन नाही. ती चाळिशीच्या उंबरठ्यावर, भरल्या प्रेक्षागृहासाठी, पूर्ण वाद्यवृंदावरून गाते आहे, आणि तान संपते तेव्हा टाळ्यांचा गलका खरखरीच्या वर येतो. आमच्या बैठकीत त्या ठिकाणी एका वृद्ध स्नेह्यांनी, ज्यांनी पहिल्या दिवशी 1904 ची तबकडी बंद करायला सांगितली होती, ती पुन्हा लावायला सांगितली.